रस्त्यावरचे मूल आणि त्याची आई



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगाव उन्हाळ्याच्या संध्याकाळी अशा सभा भरत आल्या आहेत. या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आम्ही विद्वान नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, मोफत वाचनालयात आणि गेटसभांत झाले. तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आहोत आणि गेली काही वर्षे दर रविवारी एका लहानशा मंडळात जात आहोत. हे मंडळ रस्त्यावरच्या मुलांसाठी वर्ग चालवते आणि आसपासच्या वस्तीतील बायकांच्या रोजगाराचे पाहते. तेथे जे शिकलो, आणि जे चुकलो, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

आमचा जन्म मुंबईच्या गिरणगावातला. वडील गिरणीत होते आणि आई खानावळ चालवीत असे. खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे चारला स्टोव्ह पेटे. कोकणातले, घाटावरचे दहाबारा गडी आपापल्या पाळीप्रमाणे जेवून जात आणि महिन्याचा पगार झाला की पैसे देत. तोवर वाण्याचे उधार असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपाचा इतिहास आपण वाचला असेल. पण त्या इतिहासात खानावळवाल्या बायकांचे पान फार लहान आहे. जेवणारे गडी गावी गेले. त्यांचे येणे बुडाले, वाण्याचे देणे मात्र राहिले. आईच्या गळ्यातले मणी तेवढे उरले, सोने वाण्याकडे गेले. आम्ही बारा वर्षांचे होतो. दप्तर खुंटीला लागले आणि आम्ही नाक्यावरच्या हॉटेलात चहाचे ग्लास उचलू लागलो. रात्री हॉटेलाच्या बाकड्यावर निजत असू, कारण घरी निजायला जागा असली तरी खायला नव्हते.

त्या नाक्यावर एक गृहस्थ येत. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. दर रविवारी दुपारी तीनला ते हॉटेलामागच्या बोळात गोणपाट टाकून बसत आणि आम्हां पाचसात पोरांना वाचायला लावीत. पुस्तक नसले तर पुडीचा कागद चाले. एका जुलैत पाणी गुडघ्यापर्यंत चढले होते. रेल्वे बंद होती. मालकाने आम्हांला पायरीवर उभे केले होते, आणि बोळाच्या तोंडाशी छत्री दिसली. ते म्हणाले, "आज शिकवणे काही होणार नाही. पण रविवार आहे, म्हणून आलो." एवढे बोलून ते परत गेले. त्यांनी आम्हांस काय शिकविले हे आज फारसे आठवत नाही. पण मोठ्या माणसाचा शब्द खरा असू शकतो, ही गोष्ट आम्ही त्या दिवशी शिकलो.

पुढे युनियनमध्ये आलो आणि तरुणपणी दानधर्माविषयी मनात मोठी अढी बसली. वह्या वाटणे, खाऊ देणे, जुने कपडे देणे, हे सारे आम्हांस श्रीमंतांच्या मनाची मलमपट्टी वाटे. "आम्हांस भीक नको, हक्क हवा" असे आम्ही सभेत म्हणत असू, आणि ते अजूनही खोटे वाटत नाही. पण हक्काची भाषा बोलणारा माणूसही किती आंधळा असू शकतो, हे २०१५ सालच्या एका गोष्टीने आम्हांस दाखविले.

आमच्या भागातल्या एका हॉटेलात अकरा वर्षांचा एक मुलगा कामाला होता. हॉटेलात चौदा वर्षांखालील मूल कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. आम्ही रीतसर तक्रार केली. छापा पडला. मालकावर खटला झाला आणि मुलाची रवानगी बालगृहात झाली. वर्तमानपत्रात आमचे छायाचित्र आले. हॉटेलात ग्लास उचललेला मुलगा आज दुसऱ्या मुलाला सोडवितो, याचा आम्हांस अभिमान वाटला. चौथ्या दिवशी त्या मुलाची आई युनियनच्या कचेरीत आली. ती रस्त्यावर भाजी विकणारी. आम्हांला वाटले, आभार मानायला आली. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, पोरगं सोडवलंत. आता माझं व्याज कोण भरणार?"

आम्ही तिला बसविले आणि हिशेब विचारला. तो हिशेब आपणांसही सांगतो, कारण आजच्या साऱ्या व्याख्यानाचे मर्म त्यात आहे. पहाटे मंडईत जाण्यापूर्वी ती एका सावकाराकडून माल घेण्यासाठी पैसे घेई. हातात ९०० रुपये मिळत. संध्याकाळी १००० रुपये परत द्यावयाचे. म्हणजे दिवसाला १०० रुपये. वर्षात तीनशे दिवस धंदा धरला तर ९०० रुपयांच्या भांडवलावर ३०,००० रुपये व्याज! आणि मुलाची मजुरी किती? दिवसाला १०० रुपये. बंधुभगिनींनो, तो मुलगा हॉटेलवाल्याकडे कामाला नव्हता. तो सावकाराकडे कामाला होता. आम्ही हॉटेलवाल्याला पकडले, आणि सावकार दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे आपल्या जागी उभा होता.

तक्रार केली ही चूक नव्हती. कायदा मोडला जात असेल तर तक्रार केलीच पाहिजे. चूक ही की त्या मुलाला आई आहे, आईला धंदा आहे आणि धंद्याला एक भोक आहे, हे आम्ही पाहिले नाही. मुलाचा प्रश्न आणि आईच्या कमाईचा प्रश्न हे दोन प्रश्न आहेत असे आम्ही समजत होतो. ते एकच आहेत.

या मंडळाशी आमचा संबंध आधीपासून होता, पण तो पाहुण्यासारखा. वर्षातून एकदा झेंडावंदनाला जावे, भाषण करावे. त्या दिवसानंतर आम्ही तेथे कामाला बसू लागलो.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की 'रस्त्यावरची मुले' हा एक जिन्नस नाही. काही मुले दिवसभर रस्त्यावर काम करतात, फुगे विकतात, काच-पत्रा वेचतात आणि रात्री घरी जातात. काही कुटुंबासह फुटपाथवर किंवा पुलाखाली राहतात. आणि काहींना रस्ता हेच घर असते; घर सोडून आलेली, हरवलेली, टाकून दिलेली अशी ही मुले. आपल्याला सिग्नलला तिन्ही सारखीच दिसतात. परंतु पहिल्या मुलाला आईची मिळकत वाढल्याने शाळा मिळेल. दुसऱ्याला त्याखेरीज निवारा आणि कागदपत्रे हवीत. तिसऱ्याला मात्र आधी विश्वासाचे माणूस हवे. स्टेशनवर उतरलेल्या एकट्या मुलाचे पहिले काही तास फार मोलाचे असतात; त्या तासांत त्याला चांगला माणूस भेटतो की वाईट, यावर पुढचे आयुष्य ठरते. यासाठीच १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने १०९८ हा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला. पुढे तो देशभर पसरला आणि २०२३ पासून सरकारी यंत्रणा तो चालविते. हा क्रमांक फुकट आहे. मूल एकटे दिसले तर त्याला परस्पर घरी नेऊ नये, हा क्रमांक फिरवावा. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे असे मूल सापडल्यापासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, बालकल्याण समितीपुढे उभे करावे लागते. आपला हेतू कितीही चांगला असो, त्या समितीला डावलून मूल ठेवून घेता येत नाही.

आता आई आणि मूल यांचा प्रश्न एकत्र कोणी पाहिला, याची काही उदाहरणे देतो. १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीसाठी बांधकाम चालले होते. तेथे विटा वाहणाऱ्या बायांची तान्ही मुले धुळीत, उन्हात पडलेली मीरा महादेवन् या बाईंनी पाहिली. त्यांनी तेथेच तंबू ठोकून पाळणाघर काढले. इमारत संपली की मजूर दुसरीकडे जातात, म्हणून पाळणाघरही त्यांच्यामागे जाऊ लागले. हीच मोबाईल क्रेशेस संस्था. पुढे मुंबईतही तिचे काम सुरू झाले. यात बारकावा असा की पाळणाघर हे बाळासाठी आहे तसेच बाळाच्या थोरल्या बहिणीसाठीही आहे. कारण आई पाट्या टाकीत असता बाळ सांभाळायला त्या सातआठ वर्षांच्या मुलीलाच बसवितात. बाळाची सोय झाली की ती मुलगी शाळेला मोकळी होते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला हेच सूत्र धरले होते: मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. अंगणवाडी हा शब्द त्या कामातून आला.

दुसरे उदाहरण आमच्या आईच्या धंद्याचे. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली संघटित केले. तेच अन्नपूर्णा महिला मंडळ. प्रेमाताई स्वतः कामगार चळवळीतल्या. त्यांनी पाहिले की या बायका रांधतात, कष्टतात, आणि नफा मात्र उधारी देणाऱ्याच्या घरात जातो. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. पण नुसती खानावळ असलेल्या बाईला बँकेच्या पायरीवर कोण उभे करणार? गहाण ठेवायला काही नाही. तेव्हा बायकांनी एकमेकींची हमी घेतली आणि बँकेचे कर्ज मिळविले. आमची आई त्यात नव्हती. आमच्या चाळीपर्यंत ती वार्ता पोचली नाही, किंवा पोचली तरी घरातल्या पुरुषांनी ती आत येऊ दिली नाही. १९८२ साली आईजवळ असा गट असता तर संप टळला नसता, पण तिचे सोने कदाचित वाचले असते आणि आमचे दप्तरही. संघटनेतल्या पुरुषांनी आपल्या घरातल्या बायकांच्या धंद्याकडे पाहिले नाही, हा दोष आम्ही आमच्या चळवळीच्या पदरात मोकळेपणाने घालतो.

तिसरे उदाहरण पुण्याचे. कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. डॉ. बाबा आढावांचा तिला आधार होता, आणि एस्.एन्.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या तिच्यामागे होत्या. या कार्यकर्त्या गेल्या होत्या शिकवायला. पण बायकांबरोबर फिरल्यावर त्यांना कळले की उकिरड्यातला भिजका कागद आणि घरातून सुका मिळालेला कागद यांच्या भावात किती अंतर आहे. सुका कचरा थेट दारातून मिळाला तर कमाई वाढेल, आणि उकिरड्यात हात घालावा लागणार नाही. तेव्हा ओळखपत्राची मागणी पुढे आली, कारण ओळखपत्र नसलेल्या बाईला सोसायटीचा रखवालदार चोर समजतो. मुले आईबरोबर कचऱ्यावर न जाता शाळेत जावीत, हाही आग्रह संघटनेने धरला. पुढे बायकांची स्वच्छ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिने पुणे महानगरपालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला.

आमच्या जुन्या सहकाऱ्यांचा एक आक्षेप असे: ज्यांना मालक नाही त्यांची युनियन कशी करावी? हाच आक्षेप १९७२ साली अहमदाबादला इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेच्या नोंदणीच्या वेळी सरकारी अधिकाऱ्याने काढला होता. त्यांचे म्हणणे असे की संघटना मालकाशी भांडण्यासाठीच असते असे नाही, कामगारांच्या एकजुटीसाठी असते. नोंदणी झाली. आणि महाराष्ट्राने तर १९६९ सालीच माथाडी कायदा करून, ठरलेला मालक नसलेल्या हमालालाही मजुरीची आणि भविष्यनिधीची हमी देता येते, हे दाखवून दिले होते.

पण उदाहरणे यशाचीच सांगितली तर ती फसवणूक होईल. आमच्या मंडळाला पहिल्या वर्षी आठ शिवणयंत्रे देणगी मिळाली. हारतुरे झाले. तीन महिने बायका मन लावून परकर शिवायला शिकल्या. नंतर कळले की बाजारात तयार परकर आमच्या कापडाच्या किंमतीत मिळतो. यंत्रांवर धूळ बसली. एका बाईने आम्हांस विचारले, "दादा, मशीन दिलंत, गिऱ्हाईक कुठंय?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. देणगीदाराला यंत्र देणे सोपे असते, कारण यंत्राचे छायाचित्र निघते. गिऱ्हाईक शोधणे, उधारी वसूल करणे, पावती लिहिणे यांचे छायाचित्र निघत नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला; तो लिज्जत पापड आज सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी दान घेतले नाही, उसने घेतले. त्यांनी पापड आधी दुकानदाराला विकला आणि धंदा मागाहून वाढविला. शिवणयंत्रांच्या बाबतीत आम्ही नेमके याच्या उलट केले होते.

त्या भाजीवालीचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात असेल. आम्ही तिला व्याख्यान दिले नाही. तिच्यासारख्या बारा जणींचा बचतगट केला. प्रत्येकीने आठवड्याला ५० रुपये टाकावयाचे. आठवड्याचे ६०० झाले, बारा आठवड्यांत ७,२००. त्यातून आळीपाळीने प्रत्येकीचे सकाळचे भांडवल सुटू लागले. सावकाराने प्रथम दमदाटी केली, मग भाव उतरवून पाहिला, आणि मग तो दुसऱ्या नाक्यावर गेला. त्याचा धंदा बंद झाला असे आम्ही म्हणत नाही. त्या बारा जणींपुरता झाला. वही आम्ही लिहीत असू. दुसऱ्या वर्षी ती त्यांच्यातल्याच एकीच्या सुनेने हातात घेतली आणि आमची एक चूक काढून दाखविली. त्या दिवशी आम्हांस फार आनंद झाला, कारण आमच्यावाचून चालू शकते हे दिसले.

भाजीवालीच्या धाकट्या मुलीला दुकानाशी बसावे लागेनासे झाले. ती दहावी उत्तीर्ण झाली. मुलगा दोन महिन्यांनी घरी आला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयानुरूप वर्गात त्याला प्रवेश मिळाला, परंतु त्याचे मन लागले नाही, आणि आठवीनंतर त्याने शाळा सोडली. आज तो टेम्पो चालवितो. वाटेत दिसला तर मान हलवितो, पण थांबत नाही. बालगृहातल्या पहिल्या रात्री तो किती रडला हे त्याच्या आईने आम्हांस सांगितले आहे. त्या दोन महिन्यांचा जाब विचारण्याचा त्याला अधिकार आहे, आणि तो विचारीत नाही याचेच आम्हांस अधिक वाटते.

आता जे आपल्यापैकी अशा कामाला येऊ इच्छितात त्यांना चार शब्द. पहिली गोष्ट, थोडे कबूल करा पण पाळा. आमच्या वर्गावर एका वर्षी महाविद्यालयातले पंधरा विद्यार्थी आले. उत्साह दांडगा. दोन महिन्यांनी परीक्षा आली आणि एकही दिसेना. एक मुलगी चार रविवार दारात उभी राहून विचारी, "काका, ताई कधी येणार?" पाचव्या रविवारी तिने विचारणे सोडले, आणि ते आम्हांस विचारण्यापेक्षा वाईट वाटले. ज्या मुलाला एकदा कोणी टाकले आहे त्याला आपण दुसऱ्यांदा टाकू नये. आठवड्याचा एक तास द्या, पण तो तास आपला आहे असे मुलाला म्हणता आले पाहिजे. जाणे भाग असेल तर सांगून जा.

दुसरी गोष्ट, मुलाची कहाणी ही त्याची मालमत्ता आहे. ती चारचौघांत वदवून घेऊ नये; त्याचे छायाचित्र काढून देणगी मागू नये. तिसरी, संस्था निवडताना हिशेब मागा. तपासलेले जमाखर्च दाखविण्यास जी संस्था कां-कूं करते तेथे पाऊल ठेवू नका. आणि मुलांमध्ये एकट्याने वावरण्यास जी संस्था कोणालाही मोकळीक देते, तेथेही नको. आपली चौकशी झाली तर रागावू नका, ती मुलांसाठी आहे. चौथी गोष्ट, आपणांस जे येते तेच द्या. प्रत्येकाने शिकविलेच पाहिजे असे नाही. बँकेतल्या माणसाने खाते उघडून द्यावे. वकिलाने फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा बायकांना समजावून सांगावा. शिधापत्रिकेच्या रांगेत एखादीबरोबर उभे राहणे हेही मोठे काम आहे, कारण टेबलापलीकडचा माणूस दोघांशी बोलताना आवाज खाली आणतो.

दान की हक्क, हा वाद आम्ही तीस वर्षांपूर्वी जोराने घातला असता. आज असे वाटते की मुलाला आज रात्री जेवण पाहिजे, आणि त्याच्या आईला उद्या रास्त मोबदला पाहिजे. जेवण देऊन मोबदल्याची गोष्ट विसरणारा आणि मोबदल्याची घोषणा देऊन जेवण विसरणारा, दोघेही अर्धेच काम करतात. आम्ही दुसऱ्या प्रकारचे होतो. आपल्या सभेत पहिल्या प्रकारचेही काही असतील. त्यांनी आणि आम्ही रविवारी एकाच गोणपाटावर बसावे, एवढीच विनंती.

उद्या सकाळी भाजी घेताना पाटीमागे एखादे मूल बसलेले दिसले, तर त्याच्या हातावर नाणे ठेवण्यापूर्वी त्याच्या आईशी दोन शब्द बोला. सकाळचे भांडवल ती कोठून आणते, एवढे तिला विचारा. उत्तर ऐकल्यावर पुढे काय करावयाचे ते आपणांस सुचेल. न सुचल्यास आमच्यासारख्या कुणाला तरी गाठा.